शर्यतीचें चित्र आणि वाटेचें चित्र

शर्यत जशी धांवणाऱ्याची असते तशीच ती वाटेचीही असते. सपाट मैदानावरील दहा मैल आणि सह्याद्रीच्या चढणीवरील दहा मैल हीं अंतरें कागदावर सारखीं. शरीराला मात्र तीं कधींच सारखीं वाटत नाहींत. अशा शर्यतीची वर्दी गांवोगांव देणारें जें रंगीत भित्तिपत्रक, त्यानें धांवणारा दाखवावा कीं वाट दाखवावी, हा प्रश्न वरवर पाहतां चित्रकाराच्या आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः त्याच्या पोटांत सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आणि नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या गांवाला त्या इतिहासापासून घेण्यासारखा बोधही आहे.

भित्तिपत्रकाचा जन्म दगडावर झाला. बव्हेरियांतील आलोइस सेनेफेल्डर यानें १७९६ ते १७९८ च्या सुमारास शिळाछापाची युक्ति शोधून काढली. तेल आणि पाणी यांचें वैर हें तिचें मर्म होय. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, शिळा ओली करावयाची आणि वरून शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या भागावर शाई बसत नाहीं, तेलकट रेषेवर तेवढी बसते. रंगीत चित्र छापावयाचें तर प्रत्येक रंगासाठीं निराळी शिळा आणि निराळी छपाई. अर्थात् एक रंग वाढला कीं एक खर्च वाढला. मोजके रंग, मोठे सपाट पट्टे आणि ठळक रेषा हा जो भित्तिपत्रकाचा बाणा पुढें रूढ झाला, तो निम्मा कलादृष्टींतून आला असेल, तर निम्मा या काटकसरींतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिसच्या ज्यूल शेरेनें याच मर्यादेचें भूषण केलें आणि शहराच्या भिंतींना चित्रशाळेची कळा आणली.

त्याच सुमारास सायकल आली. १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेली धाव काढली आणि सायकलीचा प्रवास सुसह्य झाला. कारखानदारांत चढाओढ लागली व प्रत्येकाला भित्तिपत्रक हवेंसें झालें. परंतु त्या काळच्या बहुतेक भित्तिपत्रकांत रस्ता जवळजवळ नसेच. वस्त्रें वाऱ्यावर सोडलेली एखादी देवता नव्या सायकलीसह आकाशांत तरंगत असे. चाकाखालीं धूळ नाहीं, चढ नाहीं, घाम नाहीं. विकावयाची होती ती सायकल, वाट नव्हे. १८९६ सालीं तूलूझ-लोत्रेक यानें सिम्सन साखळीसाठीं केलेलें भित्तिपत्रक या बाबतींत निराळें ठरलें. त्यांत शर्यतीचें मैदान आहे, खालीं वांकून जीव तोडून चाललेला स्वार आहे. याच कामासाठीं त्यानें आधीं केलेलें एक चित्र मालकांनीं नाकारलें होतें, तें सायकलीच्या यंत्राचें चित्रण सदोष होतें म्हणून! एवढा मोठा कलावंत; पण शर्यतीचें चित्र पाहणारा प्रेक्षक जाणता असतो, त्याला फसवितां येत नाहीं, हा धडा त्यालाही घ्यावा लागला.

रस्ता चित्रांत खऱ्या अर्थानें शिरला तो विसाव्या शतकांत. १९०३ च्या जुलैमध्यें एका फ्रेंच क्रीडापत्रानें आपला खप वाढविण्यासाठीं फ्रान्सभोंवतीं सायकलशर्यत भरविली. सहा टप्पे, २४२८ किलोमीटर. साठ स्वार निघाले, एकवीस पोहोंचले. १९१० मध्यें ही शर्यत पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींत नेण्यांत आली आणि पुढच्याच वर्षीं आल्प्समध्यें. तेव्हांपासून त्या खिंडींचीं नांवें विजेत्यांच्या नांवांइतकीच घरोघर झालीं. दुसरीकडे, प्रवासी मिळविण्यासाठीं फ्रान्समधील रेल्वे कंपन्या पर्वतांचीं भित्तिपत्रकें काढीत होत्या. रोझे ब्रोदेर याचीं १९२० व १९३० च्या दशकांतील चित्रें पाहावीं: डोंगर निळ्याजांभळ्या सपाट पट्ट्यांचा, रस्ता पांढऱ्या फितीसारखा, आणि माणूस असलाच तर मुंगीएवढा. या चित्रपद्धतीनें एक गोष्ट सिद्ध केली. माणूस लहान काढला म्हणून त्याचा पराक्रम लहान होत नाहीं. उलट डोंगर मोठा काढल्यानें तो वाढतो.

पळण्याच्या शर्यतीचीही कथा अशीच आहे, आणि येथें मराठी मुलखाचा संबंध येतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. १९१९ च्या सुमारास तेथील क्रीडामेळाव्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुणांचें लांब पल्ल्याचें धांवणें पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि त्यांच्या पुढाकारानें १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडूंचें लहानसें पथक गेलें. त्यांत बेळगांवकडील फडेप्पा चौगुले होते. त्या वेळची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची, म्हणजे नेहमींच्या अंतराहूनही कांहींशी लांब होती. चौगुले तींत एकोणिसावे आले.

त्या अँटवर्प ऑलिंपिकचें भित्तिपत्रक पाहण्यासारखें आहे. पुढें थाळीफेक करणारा मल्ल, त्याच्याभोंवतीं अनेक राष्ट्रांचीं फडफडणारीं निशाणें, आणि मागें अँटवर्प शहर, त्याच्या प्रार्थनामंदिराच्या उंच मनोऱ्यासह. चार वर्षें परकी लष्कराच्या ताब्यांत राहिलेल्या बेल्जमनें महायुद्ध संपतांच जगाला निमंत्रण दिलें, तें आपला मनोरा पुढें करून दिलें. खेळ सर्व जगाचा असेल, पण भूमि आमची आहे, हें त्या कागदानें न बोलतां सांगितलें.

आतां आपल्याकडे वळावें. रंगीत छपाईची साधनें महाराष्ट्रांत नव्हतीं असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला आणि पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. म्हणजे ज्या बोरघाटाच्या माथ्यावर पुढें मुंबई-पुणें सायकलशर्यतीचे स्वार धापा टाकीत पोहोंचावयाचे होते, त्याच माथ्याजवळ शिळांवर रंग चढत होते! त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनींही चित्रपटांकडे वळण्यापूर्वीं लोणावळ्यास छपाईचा उद्योग केला आणि १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन तिरंगी छपाईची विद्या घेऊन आले. पण मळवलीच्या शिळांवरून मुख्यतः लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती याच घरोघर गेल्या. खिडकीबाहेरचा घाट शिळेवर आलाच नाहीं. यांत कोणाचा दोष काढण्याचें कारण नाहीं. गिऱ्हाइकाला देव हवा होता. तथापि ज्या समाजाच्या भिंतीवर देव आले, राजे आले, पुढें नट-नटीही आल्या, त्याच्या भिंतीवर त्याची स्वतःची वाट फार उशिरांपर्यंत आली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

वाट रंगविली ती बव्हंशीं रेल्वेनें, आणि तीही परक्या प्रवाशाच्या डोळ्यांनीं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत निघालेल्या रेल्वेच्या भित्तिपत्रकांत ताजमहाल, काशीचे घाट, हत्ती आणि संस्थानी वैभव हीं सजून बसलीं. इकडे कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें स्वतः रंगवून या कलेला देशी वळण दिलें, आणि १९३५ सालीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत व्यापारी चित्रकलेचा विभाग निघाल्यानें तिला शिक्षणाचें अधिष्ठान मिळालें. हात तयार झाले. परंतु खेळाच्या चित्राला मागणी नव्हती. पुढें संगणक आणि फ्लेक्स आल्यावर हातानें रंगविणाऱ्यांचा धंदाच बसला. आज शर्यतीचा फलक म्हणजे बहुधा प्रायोजकांच्या मुद्रा आणि मान्यवरांचीं छायाचित्रें. ज्या रस्त्यावर शर्यत व्हावयाची त्याचा मागमूस त्यावर क्वचितच असतो.

आणि रस्ते तर असे आहेत कीं चित्रकारानें हात जोडावे! मुंबई-पुणें शर्यतींत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. ही पदवी लोकांनीं डोंगराच्या नांवानें दिलेली आहे, राजधानीच्या नव्हे. साताऱ्यास २०१२ पासून यवतेश्वराच्या घाटांतून अर्धमॅरेथॉन धांवली जाते. नाशिक जिल्ह्याचें स्थान तर याहून विशेष. सावरपाड्याची कविता राऊत २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटर शर्यतीचें कांस्यपदक आणि त्याच वर्षीं ग्वांगझूच्या आशियाई सामन्यांत रौप्यपदक मिळवून आली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका आडवी ओलांडणारी सायकलशर्यत जोडीनें पूर्ण केली. या मंडळींचे पाय ज्या चढउतारांवर तयार झाले त्यांचें चित्र मात्र शोधावें लागतें.

एकलहरे हें गांव अशा चित्राच्या दृष्टीनें अवघड, आणि म्हणूनच मोलाचें आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूरचें धरण आणि पंचवटी मागें टाकून या बाजूस येते. त्र्यंबकेश्वरापासून येथवरचें अंतर चाळीस-एक किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एका मॅरेथॉनचें. नदीच्या वाटेनें शर्यत काढावयाची म्हटली तर याहून स्वाभाविक पल्ला कोणता? मात्र वाट जसजशी एकलहऱ्याजवळ येते तसतसें चित्र पालटतें. औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच येथें १९७० सालीं सुरू झाला आणि १९७९ ते १९८१ या काळांत २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. त्यांचीं उंच धुराडीं दुरूनच दिसूं लागतात. भोंवतीं शेतें, मध्यें कोळशाचे रूळ, आणि सर्वांवर राखेची बारीक छाया. निसर्गरम्य शर्यतीचें चित्र काढावयास बसलेला कारागीर प्रथम काय करील? धुराडीं गाळील. डोंगर जवळ ओढील, नदी निळी करील, द्राक्षांचे घोंस लटकावील, आणि गांवाचें नांव खालीं लिहून मोकळा होईल. तें चित्र गोंडस दिसेल, पण तें एकलहऱ्याचें नसेल.

अँटवर्पनें मनोरा गाळला नाहीं. एकलहऱ्यानें तरी धुराडीं कां गाळावीं? या गांवाच्या दोन-तीन पिढ्यांनीं त्यांच्या सांवलींत पोट भरलें आहे आणि त्यांची राखही सोसली आहे. चांगल्या भित्तिपत्रकांत तीं यावींत, पण योग्य जागीं यावींत. पहांटेची वेळ घ्यावी, तेव्हां तीनच रंग पुरतात: नदीवरच्या धुक्याचा करडा, उगवतीचा केशरी आणि ओल्या मातीचा काळसर. धुराडीं क्षितिजावर उभ्या रेषा होऊन राहतील; कांठाचा रस्ता त्यांना तिरपा छेद देईल; आणि त्या रस्त्यावर धांवणाऱ्यांची एक बारीक रांग. देवनागरी अक्षराची शिरोरेषा ही चित्रकाराला आयती मिळालेली देणगी आहे. गांवाचें नांव अशा रीतीनें लिहावें कीं ती रेषाच नदीचा कांठ होऊन जाईल. अंतर आणि चढ खरे दाखवावे, कारण तो कागद पाहून कोणी आपल्या छातीचा भरंवसा धरणार असतो.

एकलहऱ्यापासून थोड्याच अंतरावर, नाशिक रोडला, १९२५ सालीं स्थापन झालेलें भारत प्रतिभूति मुद्रणालय आहे. देशाचीं टपाल तिकिटें तेथें छापून निघत आलीं. बोटाएवढ्या कागदावर अख्खा प्रसंग बसविण्याची विद्या ज्या पंचक्रोशींत शंभर वर्षें नांदली, तेथें हातभर कागदावर आपली वाट खरेपणानें उतरविणारा हात मिळणार नाहीं असें मानण्याचें कारण नाहीं. शर्यत एका सकाळीं संपते, विजेत्याचें नांव कांहीं दिवसांनीं विसरतें; पण भिंतीवर राहिलेलें चित्र त्या घरांतल्या मुलांना रोज आपल्या गांवाकडे पाहावयास शिकवितें. त्यांनीं काय पाहावें, हें त्या चित्रावर अवलंबून आहे.