आधी अणुभट्टी, मग संगणक

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात बसून अणुभट्टीचं गणित कसं करणार, मोठा संगणक कुठून आणणार? असं वाटत असेल तर हा क्रम बघा.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर परिषद भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. न्यूट्रॉन आदळल्यावर युरेनियमचं केंद्रक फुटण्याची शक्यता किती, याचे तोवर गुप्त असलेले आकडे तिथे खुले झाले. एकमेकांपासून लपवून मोजलेले, तरी बरेचसे जुळले!

४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ सुरू झाली. टीआयएफआरचा ‘टिफ्रॅक’ संगणक पूर्ण झाला १९६० मध्ये.

म्हणून संशोधनाला बसताना मशीनआधी आकडे तपासा: कोणी मोजले, कोणी ताडून पाहिले? आकडेच चुकीचे असतील, तर महासंगणकही चुकीचंच उत्तर देईल, फक्त लवकर.