मोहल्ल्याचे आरोग्य आणि आपली संस्था : इतिहासाचा एक धडा



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत प्लेगची कहाणी कशाला, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. परंतु जे मूल वर्गात बसायचे, ते आधी निरोगी असावे लागते. अल्पसंख्य वस्तीत दवाखान्याविषयी दुरावा का निर्माण होतो आणि तो कसा दूर होतो, याचे उत्तर त्या कहाणीत आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोग्यांना उचलून इस्पितळात नेण्यात येऊ लागले. पडद्यातील स्त्रीला परपुरुषाने तपासावे, अखेरच्या घटकेला जवळ आपले माणूस नसावे, दफन रीतीप्रमाणे होईल याची शाश्वती नसावी, हे लोकांना रोगाहून भयंकर वाटले. लोक रोगी लपवू लागले. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मुस्लिम विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका मुलीला तपासावयास गेले आणि दंगल उसळली. त्यात माणसे दगावली.

त्याच काळात दुसरा एक मार्गही सापडला होता. पारशी, खोजा, जैन इत्यादी समाजांनी आपापली प्लेग-इस्पितळे उघडली. तेथे चालीरीतींचा मान राखला जाई, आपली माणसे शुश्रूषेला असत. त्यामुळे इस्पितळाची भीती कमी झाली. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस स्वतःला टोचून घेतली होती, तरी लोक कचरत होते. तेव्हा अवघ्या विशीतील तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. खोजा समाजातील पुष्कळांनी मग लस घेतली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. श्रीमंत व्यापारी जमातींना स्वतःची इस्पितळे उभारता आली. पोट भरण्यासाठी उत्तरेतून आलेल्या विणकरांजवळ ते बळ नव्हते. म्हणजे ज्यांना संस्थेची गरज सर्वांत अधिक, त्यांच्याजवळच ती नव्हती.

पुढे शंभर वर्षांनी पोलिओच्या वेळी पुन्हा तोच अनुभव आला. उत्तर प्रदेशातील अनेक मुस्लिम वस्त्यांत अफवांमुळे आया मुलांना डोस पाजीनात. तेव्हा अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या शिक्षणसंस्था युनिसेफच्या बरोबरीने पुढे आल्या. मशिदींतून आवाहन झाले, मोहल्ल्यातील स्त्रियाच घरोघर समजूत घालू लागल्या. देशातील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

आता आपल्या दारव्ह्याकडे वळू या. मुस्लिमबहुल खेड्यांत दवाखान्यांची उणीव असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्ये नमूद केले. दवाखाने बांधणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याच्याकडून मागितलेच पाहिजे. पण असलेल्या दवाखान्यापर्यंत माणूस नेण्याचे काम आपले आहे. मोठ्या उपचारासाठी येथील रोग्याला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागते. मजुरी बुडेल, कागद वाचता येणार नाही, तेथे कोणी ओळखीचे नाही, अशा धास्तीने बायाबापड्या दुखणे अंगावर काढतात.

शाळेची इमारत, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि पालकांचा विश्वास एवढे भांडवल आपल्याजवळ आहेच. शाळेत स्त्री डॉक्टरांकडून वर्षातून दोनदा तपासणी व्हावी. लसीकरणाची आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती मराठीबरोबर उर्दूतही लिहून लावावी. आशाताईंबरोबर मोहल्ल्यातील एखादी शिकलेली मुलगी घरोघर जावी. रोग्यासोबत यवतमाळला जाणाऱ्या तरुणांची एक यादी कार्यालयात असावी. ही सेवा धर्म-जात न विचारता शेजारच्या प्रत्येक गरिबाला मिळावी.

यास फार पैसा लागत नाही, माणसे लागतात. पुढील स्मरणिकेत इतिहासाऐवजी या कामाचा अहवाल वाचावयास मिळो, एवढीच आपणा सर्वांस विनंती.