सहाणेवरचे वेढे

आमच्या घरात दोन सहाणा होत्या. एक देवघरातली, चंदनाची; दुसरी माजघराच्या कोनाड्यात पालथी घातलेली, औषधाची. या दुसरीला तीन पिढ्यांच्या उगाळण्याने मधोमध उथळ खळगा पडला होता, आणि घरात बाळंतीण आली की आजी ती सहाण धुऊन, उकळून निवलेल्या पाण्याचे चार थेंब तीवर घेऊन, खणाच्या पिशवीतून एकेक मुळी आणि एकेक फळ काढून पुटपुटत उगाळी : हिरड्याचे दोन वेढे, वेखंडाचा एक, मुरुडशेंगेचा एक, सुंठेचा अर्धा, आणि जायफळाचा, बाळ फारच किरकिरत असले तर, नुसता स्पर्श. वेढा म्हणजे सहाणेवर एकदा गोल फिरवणे. तोळा, मासा आणि गुंज ही मापे वैद्याच्या तागडीची. वेढा हे माप बायकांच्या मनगटाचे, आणि ते कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

या पिशवीला आपण ‘आजीबाईचा बटवा’ म्हणतो, आणि त्या शब्दाच्या मायेमुळे अशी समजूत करून घेतो, की त्यातले सर्व काही परसातून खुडून आणलेले असावे. तुळस, अडुळसा, गवती चहा आणि कोरफड ही खरोखरच परसातली. परंतु बाळगुटीची पिशवी पाटावर ओतून एकेका जिनसाचा मूळ गाव विचारू लागले म्हणजे निराळाच नकाशा समोर उलगडतो. हिरडा सह्याद्रीचा आणि डिकेमाली आपल्याच रानांतल्या झाडाचा डिंक. पण अतिविष हिमालयाच्या उंच उतारांवरचे, ज्येष्ठमध इराण-इराकाकडून येणारे, मायफळ हे फळच नव्हे, तर पश्चिम आशियातल्या ओक वृक्षावर कीटकाच्या दंशाने उठलेली गाठ, आणि जायफळ तर शतकानुशतके जगात केवळ बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर पिकत होते. ज्या बाईने उभ्या आयुष्यात पंढरपूरपलीकडे प्रवास केला नाही, तिच्या खणाच्या पिशवीत तीन समुद्र आणि एक हिमालय नांदत होते. हे ज्याच्यामुळे शक्य झाले, त्या काष्ठौषधी विकणाऱ्या गांध्याचा इतिहास आपण लिहून ठेवला नाही. वैद्यांच्या परंपरा आपण सांगतो, ग्रंथांच्या टीका सांगतो. पण ज्याच्या दुकानावाचून वैद्याचा कागद कोराच राहिला असता, त्याच्याकडे आपले लक्ष गेले नाही, आणि ही मला आपल्या इतिहासलेखनातली मोठी उणीव वाटते.

गांधी हा शब्द गंधावरून आला. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्ये आणि त्यांच्या जोडीने औषधी जिन्नस विकणारा. हा धंदा महाराष्ट्रात किती जुना आहे, याचा पुरावा पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना डोंगरात उभा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाला ज्या अनेकांनी दाने दिली, त्यांत धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या एका गांधिकाने दाराचे दान दिल्याचे तेथील शिलालेखात कोरलेले आहे. सातवाहनांच्या काळातला हा माणूस लेण्याचे दार करवून देण्याइतका संपन्न होता, यावरूनच त्याच्या पेढीचा अंदाज यावा. त्याच सुमाराच्या एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात सोपारा आणि कल्याण यांची नावे येतात, आणि भडोचच्या बंदरातून पिंपळी, कोष्ठ, गुग्गुळ हा माल पश्चिमेकडे जात असल्याची नोंद आहे. खोकल्यावर मधातून चाटवली जाणारी पिंपळी तेव्हा रोमपर्यंत जात होती.

पुढे मुसलमानी अंमलात या दुकानाची भाषा बदलली, आणि ती इतक्या सहजतेने बदलली, की आज त्यातले परके काय हे निवडून काढता येत नाही. बद्धकोष्ठावर रात्री पाण्यात भिजवून घ्यायचा इसबगोल फारसी नावाचा, घोड्याच्या कानासारखे बी म्हणून ‘अस्प-गोल’. अर्क, गुलकंद, सरबत, माजून हे सगळे हकिमांच्या दवाखान्यातून आलेले. वैद्य आणि हकीम यांचे शास्त्र निरनिराळे असले, तरी दोघांचा रोगी चिठ्ठी घेऊन ज्या एका फळीपुढे उभा राही, ती फळी याच गांध्याची.

या दुकानाचे आपल्याकडचे पहिले विस्तृत वर्णन एका परदेशी माणसाने केले, आणि ते गोव्यात छापले गेले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला. गोव्यात त्याने चांगला जम बसवला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची चिकित्सक म्हणून ये-जा होती, आणि मुंबईचे बेट त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली त्याने इथल्या औषधी द्रव्यांवरील आपला संवादरूप ग्रंथ गोव्याच्या छापखान्यात छापवला. रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो, अशी त्याची धाटणी. त्यात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलतो, आणि मागितलेले फळ किंवा मुळी आतून आणून देणारी अंतोनिया नावाची दासी मधूनमधून वावरते. ओर्ताचे मोठेपण असे, की प्राचीन ग्रीक ग्रंथकारांनी काय लिहिले यापेक्षा इथल्या बाजारात काय दिसते, याला त्याने अधिक मान दिला.

त्याच्या ग्रंथातला पटकीविषयीचा भाग मी पुनःपुन्हा वाचतो. या रोगाचे स्थानिक नाव त्याने दिले आहे ते ‘मोर्शी’, म्हणजे आपली मोडशी. आपल्या आज्या पोट बिघडल्यावर ज्या शब्दाने कुरकुरत, तोच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी ‘मोर्देशी’ झाला आणि तिथून फ्रेंचांच्या हाती लागल्यावर त्याला ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ असलेले रूप आले. गावठी अजीर्णाचा शब्द युरोपात जाऊन महामारीचे नाव होऊन बसला. आणि इथले वैद्य यावर काय देतात, हे सांगताना ओर्ता लिहून जातो, की ते मिरी आणि जिरे घातलेले तांदळाचे पाणी रोग्याला पाजतात आणि त्याला कांजी म्हणतात. जुलाबाने कोरडे पडत चाललेल्या माणसाला मीठ घातलेली भाताची पेज थोडीथोडी पाजणे हा उपाय किती शहाणपणाचा आहे, हे आता कोणताही डॉक्टर सांगेल. कुड्याच्या सालीचेही तसेच. अतिसारावरचा हा आपल्या रानातला साधा उपाय. त्या सालीतले द्रव्य पुढे रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे काढले आणि आमांशावर वापरले.

परंतु ओर्ताच्याच ग्रंथातून आणखी एक गोष्ट कळते, आणि जे लोक प्रत्येक काढा वेदकालीन असल्याचे छातीठोकपणे सांगतात त्यांनी ती लक्षात घ्यावी. चोपचिनी नावाची मुळी आपल्या गांध्यांकडे आजही मिळते. ती चीनमधून आली आणि गोव्यात तिचा बोलबाला १५३५ च्या सुमारास झाला. युरोपीय लोकांबरोबर आलेल्या फिरंग रोगावर तिचा उपयोग होई, आणि त्याच शतकातल्या भावमिश्राने आपल्या ग्रंथात तो नवा रोग ‘फिरंग’ या नावानेच वर्णून, त्यावर ही मुळी ‘द्वीपान्तर वचा’, म्हणजे परद्वीपातले वेखंड, म्हणून नोंदवली. नव्या रोगाला नवे नाव आणि परक्या मुळीला घरचे नाव देणारे ते शास्त्र जिवंत होते.

ओर्ता मूळचा ज्यू कुळातला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी धर्मसमीक्षणाच्या न्यायालयाने त्याच्या बहिणीला जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. पण गोव्याकडचे औषधज्ञान तिथेच संपले नाही. गोव्यातून बाहेर पडलेल्या कोकणी वैद्यांपैकी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांची कोकणी साक्ष, १६७५ सालची, नागरी लिपीत कोचीनच्या डच अधिकाऱ्याने सिद्ध केलेल्या मलबारी वनस्पतींच्या बारा खंडी ग्रंथात पहिल्याच खंडात छापलेली आहे.

पेशवाईत सरकारने औषधांच्या या व्यवहाराकडे कोणत्या नजरेने पाहिले, याचे थोडे दर्शन न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवर लिहिलेल्या निबंधात घडते. नाशकात फुकट औषध देणाऱ्या एका गुजराती वैद्याला जहागीर मिळाली, आणि दवाखाना चालू ठेवण्याच्या शर्तीवर ती त्याच्या वंशाकडे चालवली गेली. औषधी वनस्पतींची एक बाग वैद्याच्या हवाली करून त्याला औषधे सिद्ध करण्यास मदत करावी, असे हुकूमही सुटले.

इंग्रजी अमलात दोन गोष्टी एकदमच घडल्या. एकीकडे मुंबईच्या सरकारी औषधभांडारावरचा अधिकारी डिमॉक आणि आपले डॉक्टर सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधांची शास्त्रीय छाननी करून ग्रंथ लिहिले; मांडवी आणि मशीद बंदराच्या गोण्यांमधली मुळी आता लॅटिन नावाने ओळखली जाऊ लागली. दुसरीकडे औषध पुडीतून बाटलीत गेले. १८७२ साली पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वरचा कारखाना काढला, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत आसवे, अरिष्टे, अवलेह छापील चिठ्ठीसह दुकानात येऊ लागली. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘आर्यभिषक्’सारखा ग्रंथ मराठीत लिहून घरोघरी पोहोचवला आणि १९०७ साली नाशकात वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरवले. वामन गणेश देसायांचा ‘औषधी संग्रह’ १९२७ चा. हा ग्रंथ वैद्य आणि डॉक्टर या दोघांच्याही टेबलावर बसू शकेल अशा तोलाचा आहे, आणि माझ्या मते मराठीतल्या या विषयावरच्या लेखनात त्याची बरोबरी थोड्यांनाच करता आली.

या काळाची एक काळी बाजू सांगितली पाहिजे, कारण ‘घरगुती’ या एका शब्दाने सर्व काही निर्दोष ठरत नाही. मुंबईच्या गिरणगावात दहा-दहा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या बायका तान्ह्याला घरी निजवून जाताना ‘बाळागोळी’ देत, आणि त्या गोळीत अफू असे. १९२० नंतरच्या सरकारी चौकशीत ही चाल किती सर्रास होती हे उघड झाले. मूल शांत झोपे, दूध मागत नसे आणि हळूहळू खंगत जाई. त्या बायकांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. ज्या कामाच्या वेळेत आईला पाजायलाही सवड नव्हती, ती वेळच त्या गोळीची खरी कर्ती होती. जायफळाचे वेढे वाढले तरी बाळ गुंगते, हे आजीला ठाऊक होते, म्हणूनच ती स्पर्शावर थांबे. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नका म्हणतात, आणि ओल्या सहाणेवर काय काय वाढते हे पाहिलेल्या माणसाने त्यांचे ऐकावे.

हिरड्याविषयी चार शब्द अधिक लिहितो, कारण या धंद्यात घाटावरच्या माणसाचा खरा वाटा हाच. जुन्नर, आंबेगाव, अकोले या बाजूच्या डोंगरांत चैत्र-वैशाखाच्या उन्हात महादेव कोळ्यांची अख्खी कुटुंबे कोवळा बाळहिरडा गोळा करून अंगणात वाळवतात. तो सुकून काळा, सुरकुतलेला आणि मनुक्याएवढा होतो, आणि हाच एरंडेलात परतून बद्धकोष्ठावर दिला जातो. पिकलेल्या हिरड्याची कथा निराळी. त्यातला तुरटपणा कातडी कमावण्याच्या कामाचा, म्हणून एकोणिसाव्या शतकात तो गोणीगोणीने विलायतेला जाऊ लागला, आणि ‘राजपुरी’, ‘वेंगुर्ला’ अशा नावांनी त्याच्या प्रती ठरल्या. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानातले हे फळ सरकारी मालमत्तेत मोजले गेले, त्याचे मक्ते लिलावात जाऊ लागले, आणि ज्याच्या आजाने ते झाड राखले त्याला ते वेचण्यासाठी मक्तेदाराची मजुरी पत्करावी लागली. आजीच्या सहाणेवरचा हिरडा आणि परदेशातल्या कातडी कारखान्यातला हिरडा एकाच उन्हात वाळले होते.

पुण्याच्या रविवार पेठेतल्या ज्या दुकानातून आमच्या घरी हा माल येई, तिथे मी लहानपणी आजीबरोबर जात असे. दुकानाच्या भिंतीला छतापर्यंत लाकडी खण होते आणि खणांवर मोडीत नावे. आजीने हिरडा मागितला की गल्ल्यावरचे गृहस्थ मूठभर काढीत, त्यातला एक पाण्याच्या फुलपात्रात टाकीत, आणि तो बुडाला तरच तागडीत घालीत. पाण्यावर तरंगणारा हिरडा कुचकामी, ही भावमिश्राच्या ग्रंथातली परीक्षा त्यांनी ग्रंथ न उघडता पाठ केलेली होती. वेखंड ते मोडून हुंगत, ज्येष्ठमधाचा तुकडा आजीच्या हातावर ठेवून “चावून पाहा, मागाहून कडू लागला तर परत आणा,” म्हणत. भेसळीवर त्या वेळी तेवढाच एक इलाज होता : विकणाऱ्याला माल ओळखता येणे आणि घेणारीलाही तो ओळखता येणे.

गेल्या वर्षी माझी भाची बाळाला घेऊन परदेशाहून आली. बाळाला काही द्यायचे नव्हते, पण आपल्या आजीच्या घरात होती तशी एक पिशवी आपल्याही घरी असावी, एवढ्यासाठी तिला त्या दुकानात जायचे होते. खण तेच आहेत; खालच्या चार ओळी आता गोळ्यांच्या बाटल्यांनी आणि चूर्णाच्या डब्यांनी भरल्या आहेत, आणि वरची मोडी पुसट झाली आहे. गल्ल्यावर त्या गृहस्थांचे नातू बसतात, पण तेही आता साठीचे. त्यांनी बाळगुटीचा संच पुढे ठेवला. प्लास्टिकच्या पिशवीत अठरा तुकडे आणि त्यांबरोबर एक छापील कागद. भाचीने कागद वाचला आणि विचारले, “काका, प्रत्येकी एक वेढा असं लिहिलंय. वेढा म्हणजे किती?”

“थांबा ताई,” म्हणून ते खाली वाकले. फळीखालून एक सहाण निघाली, तिच्यावर त्यांनी तांब्यातले चार थेंब सोडले, एक हिरडा घेऊन बोटांच्या चिमटीत उभा धरला, आणि दगडावर सावकाश एक पूर्ण फेरी मारून सहाण तिच्याकडे वळवली. ओल्या दगडावर पिवळट-तपकिरी रंगाची एक बारीक गोल रेघ उमटली होती. तिने वाकून ती पाहिली, आणि हिरडा मागून घेतला.