बोर्डिंगमधून काढलेला विद्यार्थी

संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचा प्रसंग असतो. म्हणून या स्मरणिकेत आपल्याच समाजात जन्मलेल्या आणि आपल्याच बोर्डिंगमधून बाहेर काढल्या गेलेल्या एका विद्यार्थ्याचे स्मरण उचित वाटते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. अभ्यासाची ओढ बेताची, वृत्ती बंडखोर. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला व बोर्डिंगला मुकले. मॅट्रिकही झाले नाहीत. पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात, त्याच बोर्डिंगशी निगडित असलेल्या अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी त्यांचा छळ झाला. कोठडीत त्यांनी आत्महत्येचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही.

असा पोळलेला तरुण कटुतेने भरून जाता, तरी नवल नव्हते. भाऊरावांनी मात्र ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासह, मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले.

येथे मुलांना केवळ आश्रय नव्हता. दळण, स्वयंपाक, शेतकाम सर्व मुलेच करीत. एकाने रांधावे, सर्वांनी एका पंक्तीस जेवावे. ज्याच्या हातचे पाणीही समाज घेत नव्हता, त्याच्या हातची भाकरी येथे सर्वांनी खाल्ली. दिलेल्या अन्नाने भूक भागते. परंतु आपणही कोणाच्या उपयोगी पडतो, या जाणिवेने दुखावलेले मन उभे राहते. ‘कमवा व शिका’चे खरे मर्म हेच होय. पुढे संस्थेने गावोगावी शेकडो व्हॉलंटरी शाळाही चालविल्या.

आपल्या धर्मात सहा अंतरंग तपांपैकी पहिले प्रायश्चित्त, दुसरे विनय आणि तिसरे वैयावृत्य, म्हणजे सेवा. चुकलेल्याची वाट प्रायश्चित्तापाशी संपत नाही. तिला सेवेपर्यंत जावे लागते.

रावेतच्या नव्या वसाहतींतही शाळा सोडलेली, व्यसनाच्या उंबरठ्यावर असलेली, घरी अबोल झालेली मुले दिसतात. आपण त्यांना उपदेश करतो, नाहीतर टाळतो. त्यापेक्षा तुकोबारायांची पालखी आकुर्डीस मुक्कामाला येते तेव्हा वारकऱ्यांना पाणी देण्याचे काम अशा एखाद्या मुलाकडे विश्वासाने सोपवून पाहावे. एखाद्या एकाकी आजोबांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे कामही त्याला देता येईल.

एका बोर्डिंगने दार लावले, म्हणून एक मुलगा वाया गेला नाही, हे आपले भाग्य. प्रत्येक मुलगा भाऊराव नसतो. म्हणूनच आपले दार उघडे असले पाहिजे.