खळ्यावरचं सूप आणि सरकारी मानधन

मी 1977 साली दहावी पास झालो. आमच्या गावात तेव्हा दहावी झालेली पोरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. पुढं शिकायला पैसा नव्हता, वडिलांनी तिफण हातात दिली. पण गावातलं लिहायचं सगळं काम माझ्याकडं आलं. सोसायटीचा अर्ज, सासरी गेलेल्या पोरीला पत्र, आणि जत्रेचं हँडबिल. त्या हँडबिलापायी माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. पण त्याआधी जरा मागं जावं लागंल.

औंढ्याचा नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांतला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. देऊळ यादवांच्या काळातलं. खालचं काम काळ्या दगडाचं, आणि वरचं शिखर अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलं असं जुनी माणसं सांगतात. बाहेरच्या भिंतीवर देव, हत्ती, नाचणाऱ्या बाया अशा कोरल्यात की दगडाला घाम फुटंल असं वाटतं. ज्यांनी बांधून घेतलं त्या राजांची नावं पुस्तकात आहेत. ज्यांनी कोरलं त्यांचं नाव कुठंच नाही. पण त्या पाथरवटांची पोटं कुणीतरी भरली असतील, त्याशिवाय असं काम होत नाही. कलेला आधार लागतो, तो पहिल्यापासून लागत आलाय.

आमचा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. त्या राजवटीत देवस्थानांना इनाम जमिनी असायच्या, काहींना रोख रक्कमही मिळायची. देवळात वाजवणारा, दिवा लावणारा त्यावर जगायचा. पुढं 1954 साली हैदराबाद राज्यात इनामं आणि रोख अनुदानं रद्द करायचा कायदा झाला. गंमत बघा, त्याच सुमाराला, 1954-55 ला, तिकडं मुंबई राज्यात म्हाताऱ्या साहित्यिकांना आणि कलावंतांना मानधन द्यायची योजना सुरू झाली. आम्ही तेव्हा मुंबई राज्यात नव्हतो. मराठवाडा तिकडं जोडला गेला 1 नोव्हेंबर 1956 ला. पण योजना आमच्या राज्यात आली म्हणजे आमच्या गावात आली असं नसतं. ती गावात यायला आणखी साठ वर्षं लागली.

आमच्या गावच्या गोंधळ्याला ना इनाम होतं ना रोख. त्याला होतं खळं. मी त्यांना आबा म्हणायचो. अंगात लांब झगा, डोक्याला पागोटं, गळ्यात कवड्यांची माळ. लग्न झालं की घरोघर गोंधळ घालायचा. पाटावर चौक मांडायचा, कलश ठेवायचा, दिवटी पेटवायची. चुलतभाऊ संबळावर, दुसरा एक तुणतुण्यावर, आणि आबा उभे. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, औंढ्याचा नागनाथ, एकेका देवाला गावाचं नाव घेऊन बोलवायचे. मग कथा सुरू व्हायची ती तांबडं फुटेपर्यंत. बाया पोरं मांडीवर घेऊन तिथंच झोपायच्या आणि रडायच्या जागी बरोब्बर जाग्या व्हायच्या.

याचा मोबदला सुगीत. ज्वारीची मळणी झाली, रास पडली की आबा खळ्यावर यायचे. वडील म्हणायचे, "गोंधळ्याचं सूप बाजूला काढा रे." एक सूप ज्वारी, वरून ओंजळभर. शंभर-सव्वाशे खळ्यांवरची ज्वारी म्हणजे वर्षाची भाकर. त्याला कुणी भीक म्हणत नव्हतं आणि मेहेरबानीही म्हणत नव्हतं. अलुत्याचा हक्क होता तो. अर्ज नाही, दाखला नाही. रात्रभर ऐकलेला माणूसच साक्षीदार, आणि तोच देणारा.

1972 च्या दुष्काळात खळीच पडली नाहीत. आबा आणि मावशी, म्हणजे त्यांची बायको, दोघं आमच्यासारखेच खडी फोडायला गेले. पण दुष्काळ सरला, खळी पुन्हा पडली, सूप पुन्हा सुरू झालं. दुष्काळानं जे मोडलं नाही ते सोयाबीननं मोडलं. हे मी शेतकरी म्हणून सांगतो. 1990 नंतर आमच्याकडं ज्वारी कमी होत गेली. सोयाबीन आलं, हळद वाढली. सोयाबीनला खळं लागत नाही. मशीन शेतात येतं, दोन तासांत पोती भरतं आणि पोती तिथूनच मोंढ्यात जातात. अन् सूपभर सोयाबीन दिलं तरी गोंधळ्यानं त्याचं काय करावं? भाकर तर होत नाही. आम्ही कुणी ठरवून आबांचं सूप बंद केलं नाही. पीक बदललं आणि ते आपोआप बंद पडलं. आमच्या हातात दोन पैसे आले, तसे आबांच्या हातातले गेले. लग्नातही गोंधळाऐवजी बँड, मग डीजे.

2012 च्या आसपास आबा एक दिवस माझ्या ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "तात्या, सरकार कलावंताला पगार देतं म्हणं. माझा एक अर्ज लिही." मी चौकशी केली. वय 50 च्या वर पाहिजे, उत्पन्न कमी पाहिजे, आणि कलेत बरीच वर्षं काम केल्याचा पुरावा पाहिजे. अर्ज खालून वर जिल्ह्याच्या समितीकडं जायचा. वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला काढला. पुराव्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'पंचक्रोशीत सर्वांना माहीत आहे.' अर्ज परत आला. टेबलावरचे साहेब तसे चांगले बोलले. म्हणाले, "काका, सर्वांना माहीत आहे हे मी फायलीला लावू कसं? कात्रण आणा, प्रमाणपत्र आणा, एखादं हँडबिल तरी आणा."

हँडबिल म्हटल्यावर मला बरं वाटलं. हँडबिलं तर मीच लिहिलेली. घरी येऊन लाकडी पेटी उघडली. 1979 पासूनची जत्रेची हँडबिलं नीट घडी करून ठेवलेली. पिवळे, गुलाबी कागद. एकेक उलगडून वाचलं. बाहेरगावच्या कीर्तनकारांचं नाव ठळक. तमाशाच्या फडाचं नाव त्याहून ठळक. पुढाऱ्यांची नावं, वर्गणी देणाऱ्यांची नावं. आणि सगळ्यात खाली, 'रात्री गावकरी मंडळींचा गोंधळ, भारूड व इतर कार्यक्रम.' तेरा हँडबिलं, तेराही ठिकाणी तेच. आबांचं नाव एकातही नाही. मी ते मुद्दाम गाळलं नव्हतं. घरच्या माणसाचं नाव काय लिहायचं, असं तेव्हा वाटायचं. छापखान्यात ओळ वाढली की पैसे वाढायचे, हेही खरं.

ते कागद घेऊन मी आबांकडं गेलो, खरं काय ते सांगितलं. ते वाचू शकत नव्हते. मी बोट ठेवलं ती ओळ त्यांनी नुसती बघितली. म्हणाले, "इतर म्हंजी मीच की." आणि हसले. मला हसता आलं नाही.

मग चार वर्षं हाच नाद. ग्रामपंचायतीचा ठराव घेतला. ज्यांच्या ज्यांच्या घरी गोंधळ घातला, त्या चाळीस जणांची सालासकट पत्रं घेतली. अंगठा असला तर अंगठा. शेवटी माझ्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बमात एक फोटो सापडला. 1984 चा, काळा-पांढरा. पुढं नवरा-नवरी, आणि मागं दिवटी धरलेले आबा, अर्धे. उरलेले अर्धे चौकटीच्या बाहेर. तो अर्धा माणूस अर्जाला लावला. 2017 ला मंजुरी आली. क वर्ग, महिना 1500 रुपये. राष्ट्रीय पातळीचा कलाकार अ, राज्याचा ब, जिल्ह्याचा क, अशी तेव्हा वर्गवारी होती. आबा म्हणाले, "शाळंत गेलो न्हाई, पर वर्ग मिळाला."

पुढं ही रक्कम 2250 झाली. 2021 ला आबा गेले. या योजनेत कलावंतामागं त्याच्या जोडीदाराला मानधन मिळतं, ते मावशीला सुरू झालं. एप्रिल 2024 पासून वर्गवारी मोडून सगळ्यांना सरसकट 5000 केले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं. नाव योग्य आहे. कोल्हापूरला अल्लादियाखाँसारख्या गवयाला त्या राजानं आसरा दिला. पण गवई दरबारात गेल्यावर राजाला दिसतो. आमचे आबा रात्री, दिवटीच्या उजेडात, शेणानं सारवलेल्या अंगणात गायचे. ते वर दिसायचे तर खालून कुणीतरी नाव लिहून पाठवायला पाहिजे होतं, आणि ते काम माझं होतं.

मावशीला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी मोटरसायकलवर घेऊन जातो. मागच्या खेपेला येताना म्हणाली, "तात्या, समदी गाणी मलाबी येत्यात. घरी मीच त्यांना इसरलेलं सांगायची. माझा अर्ज येगळा व्हतो का रं?" मी म्हणालो, "मावशी, पुरावा?" ती काही बोलली नाही. घरी येईपर्यंत मागं बसून हळू आवाजात गुणगुणत होती.

जत्रेचं हँडबिल आता पोरं मोबाइलवर करतात. तरी मजकूर माझ्याकडं येतोच. मी खालच्या ओळीतला 'इतर' खोडतो आणि झांजवाल्यापासून टाळ धरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं लिहितो, तारीख आणि साल घालून. पोरं म्हणतात, तात्या, लई लांबतं. लांबू दे म्हणतो. त्याची एक प्रत लाकडी पेटीत टाकतो. तुमच्या गावातही असा कुणी असंल. त्याचा एखादा जुना फोटो, लग्नाची पत्रिका, चुरगळलेलं हँडबिल घरात सापडलं तर चुलीत घालू नका. त्याला लागंल ते.