वादळाचं बारसं

गुरुवार, २४ ऑक्टोबर २०१९. दुपारचे तीन. तुम्ही फोंडा घाट उतरताय. वायपरला उसंत नाही. मागच्या सीटवर आई डब्यातली शाबूची खिचडी खातेय, कारण आज एकादशी आहे. हा तपशील आत्ता किरकोळ वाटेल, पण लक्षात ठेवा.

गाडी तुमची नाही, स्टिअरिंगवरचे हातही तुमचे नाहीत. एका रात्रीपुरतं तुम्ही या माणसाच्या जागी बसला आहात. कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्यावर राहणारा हा माणूस बायको, दोन मुलं आणि आईला घेऊन मालवणला निघालाय. कुटुंब मी कल्पिलेलं आहे. तारीख, तिथी आणि त्या दिवसांतलं खवळलेलं पाणी मात्र खरं आहे. पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही, आणि त्याचे हात तुमचं ऐकणार नाहीत.

तो का निघाला हे मात्र समजून घ्या, नाहीतर उगाच त्याला दोष द्याल. अडीच महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, पंचगंगेने त्रेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती पंचावन्न फुटांवर गेली. त्याच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे. मुलांची पुस्तकं, आईची पेटी, बायकोचं शिलाई मशीन, सगळं चिखलात गेलं. तेव्हापासून धाकटा पावसाचा आवाज आला की झोपेतून उठून बसतो. म्हणून यंदा दिवाळीत समुद्र दाखवायचा, वाळूवर तंबू ठोकून राहायचं. पाण्याची भीती पाण्याजवळच जाईल असं त्याला वाटतं. तंबू नवा आहे, निळा, चौघांचा. आई गाडीत झोपणार.

कणकवलीत गाडी अडते. आज विधानसभेचा निकाल. ढोल वाजतायत, आणि पावसात गुलाल उधळला की काय होतं ते तुम्ही पाहता: हवेत उडायच्या आधीच त्याचा चिखल होतो, माणसांच्या कपाळावरून गुलाबी ओघळ वाहतात. मुलं काचेला नाक लावून बघतात. सगळ्यांचे फोन निकालाने भरलेत. त्याच फोनमध्ये कुठेतरी खाली एक ओळ पडून आहे: पूर्वमध्य अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होतंय, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. तो वाचत नाही. वाचली असती तरी तो काय म्हणाला असता, सांगू? आपण कुठे मच्छीमार आहोत.

कसालला उजवीकडे वळून तुम्ही मालवणचा रस्ता धरता. दोन्ही बाजूंना भाताची शेतं. पिकलेलं भात आडवं पडलंय, कुठे कापून ठेवलेल्या पेंढ्या पाण्यात तरंगतायत. दिवाळीच्या तोंडावर इथे नव्या भाताचे पोहे कांडतात. नरक चतुर्दशीला इकडे चावदिस म्हणतात. त्या सकाळी घरोघर गोड पोहे, तिखट पोहे, ताकातले पोहे. ती चतुर्दशी तीन दिवसांवर आलीय आणि पोहे अजून शेतात भिजतायत.

मालवणच्या बंदरावर पोचता तेव्हा उजेड मावळायला आलाय. समोर सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी ज्याची पायाभरणी केली आणि जो तीन वर्षांत उभा राहिला, तो किल्ला धुक्यासारख्या तुषारांत अर्धा बुडालाय. तटावर लाट आपटते, पांढरी उभी राहते, आणि मग किती वेळाने आवाज येतो. किल्ल्याच्या बोटी बंद आहेत. धाकटा हिरमुसतो.

इथे जरा थांबा आणि किनाऱ्याकडे नीट बघा. तो बघत नाहीये, तुम्ही बघा. एकही होडी पाण्यात नाही. एकही होडी वाळूवरच्या नेहमीच्या जागीही नाही. सगळ्या ओढून थेट माडांच्या बुंध्यांपर्यंत नेल्यात आणि खोडांना बांधल्यात. कोणी फलक लावलेला नाही, भोंगा फिरवलेला नाही. पण या गावाला जे सांगायचं होतं ते त्या होड्यांच्या रांगेने सांगून टाकलंय.

तारकर्लीचं सुरूबन मागे टाकून तुम्ही देवबागेत शिरता. हे गाव नकाशावर एकदा बघाच. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, आणि मधे वाळूची एक लांब चिंचोळी जीभ. तिच्या टोकाशी नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे. काही ठिकाणी समुद्राकडच्या दारातून निघालात तर काही मिनिटांत नदीच्या काठावर पोचाल. दरवर्षी लाटा या जिभेचा थोडा लचका तोडतात. जिथे काळ्या दगडांचे बंधारे घातलेत तिथे जरा टिकाव आहे, जिथे नाहीत तिथे माडांची मुळं उघडी पडून लोंबतात. पर्यटक त्या मुळांवर बसून फोटो काढतात.

माडांच्या कडेला तो गाडी थांबवतो. वाळू ओली आणि घट्ट दिसते. तंबूच्या मेखा ठोकायला सुरुवात होते तेवढ्यात एक म्हातारा छत्री तिरकी धरून येतो. जुना तांडेल आहे, बोटी हाकून हातांच्या शिरा दोरासारख्या झालेल्या.

"खंयसून इलास?"

"कोल्हापूरहून."

"तंबू हय नको. वायच मागे घेवा, घराकडे." मग तो गाडीतल्या आईकडे वळतो, एकदम वेगळ्याच अदबीने. "आवशी, आज तिथी खंयची?"

"एकादशी की. उपास हाय माझा."

म्हातारा बोटांच्या पेरांवर मोजतो. कोकणातल्या किनाऱ्यावर घड्याळाच्या आधीपासून चालत आलेला हा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊण पट केली की भरतीची वेळ. अकराची पाऊण पट सव्वाआठ. "एकादशीक सव्वाआठ. उद्या बारस, नव वाजता. अवस जवळ इली, उधाण वाढताला." तो नाक वर करून वारा हुंगतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा ऑक्टोबरात यायला हवा. "मतलय नाय. ह्या वाऱ्याचा काय खरा नाय."

"अहो, ते सांगतायत तर घेऊया की मागं," बायको म्हणते.

"पूर बघितलेली माणसं आपण," तुमच्या तोंडून शब्द निघतात. तुम्हाला ते गिळायचे असतात, पण गिळता येत नाहीत. तरी मान राखायचा म्हणून तो तंबू दहा पावलं मागे घेतो. म्हातारा त्या दहा पावलांकडे बघतो, काही बोलत नाही, आणि जाताना आपलं घर कुठलं ते हाताने दाखवून ठेवतो: रस्त्याच्या कडेचं, पडवीत दिवा असलेलं.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती इथे. नदीचा पूर पाहिलेल्याला पाण्याबद्दल एक गोष्ट पक्की माहीत असते: पाणी चढतं. पायरी पायरीने, तासातासाने चढतं, आणि माणसाला सामान उचलायला वेळ देतं. समुद्र तसा चढत नाही. तो येतो, उचलतो आणि घेऊन मागे जातो. एका पाण्याचा अनुभव दुसऱ्या पाण्यापुढे माणसाला नवशिक्याहून धीट करतो, आणि ते धाडस घातक असतं.

साडेआठला तो टॉर्च घेऊन भरती बघून येतो. लाटेची शेवटची जीभ तंबूपासून वीसेक पावलांवर. भरती होऊन गेली, आता पाणी उतरणार. हिशेबाने बरोबरच आहे. मुलं बिस्किटं खातात, तंबूच्या कापडावर सावल्यांचे प्राणी नाचवतात. धाकटा पावसाच्या आवाजात झोपतो. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. बायको त्याच्याकडे बघत राहते आणि तुम्हाला कळतं, की फक्त या तासाभरासाठी हा माणूस इथवर आलाय.

आता त्याच्या डोळ्यांवरून थोडं वर उठा. बाहेर, रत्नागिरीपासून साधारण दोनशे किलोमीटरवर, उबदार पाण्यावर जे फिरतंय त्याला अजून नाव नाही. हवामान खात्याचा नियम आहे: वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की मगच चक्रीवादळ म्हणायचं आणि मगच नाव द्यायचं. तोवर त्याची ओळख नुसती कमी दाबाची. पण लाटांना नावाची वाट बघावी लागत नाही. त्या वादळाच्या पुढे धावतात. त्याच दिवशी गोव्यात नाफ्था भरलेलं, खलाशी नसलेलं 'नु शी नलिनी' हे जहाज वाहत जाऊन दोना पावलाजवळच्या खडकांत अडकलंय. आणि इथे देवबागेत एक निळा तंबू वाळूतल्या वीतभर मेखांवर उभा आहे.

साडेतीन. तुमच्या पाठीखालची सतरंजी गार आहे. आधी वाटतं, पाऊस आत आला. मग चटई हलते. सव्वाआठच्या भरतीनंतर अडीच वाजता पुरती ओहोटी हवी. समुद्र आत्ता लांब, अंधारात, ऐकूही येणार नाही इतका खाली असायला हवा. तो ओहोटीलाच इथे आहे. वरचं कापड फाटतं, आणि नव्या कापडाचा तो आवाज मोठ्या मुलीच्या किंकाळीसारखा वाटतो. नंतर कळतं की किंकाळीही होती.

"उठा! पोरांक घेवा! पाणी इला!"

म्हातारा आहे. त्याच्या मागे दोन तरुण, डोक्यावर प्लास्टिकची इरली. म्हणजे ते झोपलेच नव्हते. धाकट्याला कोणीतरी तुमच्या हातातून घेतं. तुम्ही गाडीकडे धावता, आईला उतरवता, किल्ली फिरवता. इंजिन सुरू होतं, चाकं फिरतात आणि जागच्या जागी खड्डा खणतात. संध्याकाळी घट्ट वाटलेली वाळू आता ताकासारखी आहे. पुन्हा एक लाट येते, दाराच्या फटीतून खारं पाणी तुमच्या पायांवर. इंजिन खोकून बंद पडतं.

"गाडयेचा मगे बघू. आधी पोरां."

घरात चूल पेटलेली आहे. वीज गेलीय. म्हाताऱ्याची बायको काही विचारत नाही. मुलांना कोरडी लुगडी गुंडाळते आणि उकड्या तांदळाची पेज पुढे ठेवते. पडवीत एका कोपऱ्यात गाय आणि वासरू, गोठ्यातून आणून बांधलेली. दुसऱ्या कोपऱ्यात, चौके गावाकडच्या शेतातून भिजल्या अंगाने उचलून आणलेलं भात पसरलंय. सगळं घर ओल्या पेंढ्याच्या आणि शेणाच्या वासाचं झालंय. धाकटा बोलत नाही. वासराच्या मानेत हात घालून बसलाय.

उजाडताना गाडी ओढायला माणसं जमतात. वीस तरी असतील. आणि दोर कुठला आणतात बघा: रापणीचा. किनाऱ्यावरून जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांना अख्ख्या वाडीने मिळून ओढायचं, ती रापण. मासा मिळो न मिळो, ओढणारा प्रत्येक हात वाटणीचा धनी. आज त्या दोराच्या टोकाला बांगडे नाहीत, कोल्हापूरची एक बुडती गाडी आहे. तुम्हीही दोर धरता. तुमचे पाय चुकीच्या वेळी जोर लावतात, पुढचा माणूस मागे न बघता म्हणतो, "लाट मागे जाताना नको. येताना ओढ." येणारी लाट गाडीला जरा उचलते, तेवढ्यात सगळे ओढतात. जिने बुडवली तिच्याच ताकदीवर गाडी हातभर, आणखी हातभर, रस्त्याकडे येते.

तंबू कोणी शोधत नाही. नऊ वाजता, म्हाताऱ्याच्या पेरांवर मोजलेल्या वेळेला, समुद्र माडांमधून आत येतो. संध्याकाळी जिथे तुम्ही मुक्काम मांडला होता तिथून पाणी आता वळचणीपर्यंत पोचलंय. शेजारची माणसं फ्रीज खाटेवर चढवतायत, गाद्या माळ्यावर टाकतायत. तुमचे हात आपोआप मदतीला जातात. हे काम त्यांना येतं. ऑगस्टने शिकवलंय.

दुपारी फोनला रेंज येते. कोल्हापूरहून मेहुणा ओरडतोय: टीव्हीवर दाखवतायत, चक्रीवादळ झालंय, नाव क्यार. म्यानमारने सुचवलेलं नाव, ब्रह्मी भाषेत त्याचा अर्थ वाघ. दोन दिवसांनी, लक्ष्मीपूजनाला, ते ताशी २२० किलोमीटरच्या वर जाईल. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं पहिलं महाचक्रीवादळ. आणि तरी भारताच्या जमिनीवर ते पाऊल ठेवणार नाही, ओमानच्या दिशेने वळून निघून जाईल. पण कोकणातलं भात, देवबागेची वाळू आणि तुमची रात्र ते नाव मिळण्याच्या आधीच घेऊन गेलंय.

आज शुक्रवार, २५ ऑक्टोबर. वसुबारस. सह्याद्रीतल्या आदिवासी पाड्यांत याच दिवसाला वाघबारस म्हणतात आणि वाघाला हात जोडतात. आईला हे ठाऊक नाही. तिने म्हाताऱ्याच्या बायकोकडून हळदकुंकू मागून घेतलंय आणि पडवीतल्या ओल्या गाईच्या कपाळाला ती ते लावतेय.

"नाव ठेवलं व्हय वादळाचं?" ती न वळता विचारते. "मग आता जाईल बघ."

म्हाताऱ्याची बायको सुपात भात घेऊन बसलीय. चावदिसाला पोहे होतील एवढं तरी निघायला हवं. बरेच दाणे फुगलेत, काहींना पांढरे मोड फुटलेत. मोठी मुलगी तिच्याजवळ जाऊन मांडी घालते. थोडा वेळ नुसती बघते, मग हात पुढे करून मोडाचे दाणे वेगळे काढू लागते. धाकटा वासराला सोडून येतो आणि सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. बाहेर पाऊस पडतोय.