मोजले नाही, म्हणून देणे नाही

१४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर दिले: टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. मित्रांनो, हे उत्तर पुन्हा वाचा. मोजले नाही, म्हणून देणे नाही!

वास्तविक मोजणी झाली होती. काही स्वयंसेवी संशोधकांनी वर्तमानपत्रे चाळून भूक, थकवा, अपघात, आत्महत्या अशा कारणांनी झालेले टाळेबंदीतले मृत्यू बातमीच्या दाखल्यासह नोंदवले आणि यादी सर्वांना खुली ठेवली. जुलैपर्यंत नोंदी नऊशेच्या वर गेल्या. जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर ८ मे रोजी करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले, हे तर अख्ख्या देशाने पाहिले होते. मंत्रालयाला वर्तमानपत्र मिळत नव्हते काय?

'कोविड१९इंडिया'चे स्वयंसेवकही राज्यांची पत्रके जुळवून ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत रोज आकडे देत राहिले. त्यांच्या तक्त्यात वय, लिंग, जिल्हा होता, जात नव्हती. दोष त्यांचा नाही, सरकारी पत्रकांतच ती नव्हती. मग प्रेते जाळणारे, रुग्णालयांचा कचरा उचलणारे कोण होते, त्यातले किती गेले, हे कोणत्या तक्त्यावरून सिद्ध करणार?

बाबासाहेब १९१९ साली साउथबरो समितीपुढे गेले ते लोकसंख्येचे आकडे हाती घेऊनच. आमच्या वस्त्यांतले त्या दोन वर्षांतले मृत्यू स्मशानाच्या पावत्यांत आणि घरच्यांच्या आठवणीत आहेत. ती यादी आम्हालाच करायची आहे, पावत्या फाटण्याआधी.